सेनाप्रमुख बदलताना : शिखरावरील सूत्रे सुपूर्द करण्याची कार्यपद्धती

मे 1961 मध्ये भारतीय सेनेतून दोन अधिकारी एकाच महिन्यात निवृत्त झाले. एक सेनाप्रमुख जनरल के. एस. थिमय्या आणि दुसरे ईस्टर्न कमांडचे प्रमुख, कोल्हापूरचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात. थिमय्यांनी आपल्यानंतर थोरातांचे नाव सुचवले होते, परंतु सरकारने त्यांच्याहून ज्येष्ठ असलेले पी. एन. थापर यांना निवडले. कोल्हापुरात हा विषय निघतो तेव्हा तो बहुधा थोरातांवरील अन्यायाच्या अंगाने निघतो आणि तिथेच संपतो. नेतृत्वबदलाचा अभ्यास करणाऱ्याने मात्र त्याच्या दुसऱ्या बाजूकडे पाहावे. नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या संरक्षणासंबंधी थोरातांनी 1959 मध्ये टिपण दिले होते. सीमेवरच्या चौक्या केवळ टेहळणीसाठी ठेवून मुख्य प्रतिकार मागच्या, पुरवठा पोहोचू शकेल अशा रेषेवर करावा, असे त्यांचे म्हणणे होते आणि मार्च 1960 मध्ये लखनौला 'लाल किला' हा युद्धाभ्यास घेऊन त्यांनी ते तपासूनही पाहिले होते. तो अभ्यास मांडणारा अधिकारी आणि त्याच्या पाठीशी उभा असलेला सेनाप्रमुख, दोघेही एकाच महिन्यात बाहेर पडले. कागद फायलीत राहिला, पण त्याचा पाठपुरावा करणारे कोणी राहिले नाही. पुढे 1962 मध्ये चीनविरुद्धच्या युद्धात जे झाले त्याची कारणे अनेक आहेत आणि ती सगळी या एका बदलावर ढकलणे योग्य नाही. तरीही शिखरावरील बदलात नेमके काय गहाळ होते, हे या उदाहरणाइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

कोल्हापुरात टेंबलाईच्या टेकडीवरील 109 टेरिटोरियल आर्मी बटालियनमध्ये काय किंवा बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात काय, कंपनी कमांडर बदलतो तेव्हा हँडिंग-टेकिंगची रीत ठरलेली असते. कोतमधील (शस्त्रागारातील) रायफली क्रमांकानुसार मोजल्या जातात, स्टोअरचे लेजर ताडून पाहिले जाते, येणारा आणि जाणारा दोघेही सही करतात आणि मगच चार्ज दिला-घेतला असे म्हणतात. सुमारे बारा लाखांच्या सेनेच्या प्रमुखाकडे मोजून देता येईल असे जवळजवळ काहीच नसते. त्याच्याकडे असतात ते अर्धवट निर्णय, तोंडी दिलेले-घेतलेले शब्द, कोणत्या अधिकाऱ्यावर किती विसंबावे याचे अंदाज आणि वरच्या पातळीवर मान्य न झालेले इशारे. पुढील कार्यपद्धती लिहिताना हेच डोळ्यांसमोर ठेवले आहे. कोणाला नेमायचे हा लोकनियुक्त सरकारचा अधिकार आहे आणि तो तसाच असावा. नेमलेल्या माणसाच्या हाती अर्धवट कामे पूर्ण माहितीसह पोहोचवणे ही मात्र संघटनेची, त्यातही अधिकाऱ्यांच्या नेमणुका आणि बढत्या पाहणाऱ्या मिलिटरी सेक्रेटरी शाखेची आणि चीफच्या सचिवालयाची जबाबदारी आहे.

तारीख आधी पक्की करावी, नाव वेळेवर जाहीर व्हावे

भारतात सेनाप्रमुखाचा कार्यकाळ तीन वर्षे किंवा वयाची 62 वर्षे, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंतचा असतो. लेफ्टनंट जनरल 60 व्या वर्षी निवृत्त होतो. त्यामुळे अकाली मृत्यू किंवा राजीनामा वगळता, पद कधी रिकामे होणार आणि त्या दिवशी कोणकोण सेवेत असणार हे काही वर्षे आधीच कागदावर मांडता येते. हा तक्ता दर सहा महिन्यांनी अद्ययावत करावा आणि त्यात केवळ प्रमुखाचे नव्हे, तर उपप्रमुख, सर्व आर्मी कमांडर आणि मुख्यालयातील कळीच्या शाखांचे प्रमुख यांच्याही निवृत्तीच्या तारखा एकाखाली एक लिहाव्यात. ज्या महिन्यात दोन किंवा त्याहून अधिक नावे येतील तो महिना लाल शाईने दाखवावा आणि त्यातील किमान एक बदली आधी किंवा नंतर सरकवण्याचा प्रस्ताव तयार ठेवावा. मे 1961 सारखी गाठ टाळण्याचा याहून साधा उपाय नाही.

तक्ता विश्वासार्ह राहण्यासाठी जन्मतारखेची नोंद निर्विवाद असावी लागते. जनरल व्ही. के. सिंह यांच्या बाबतीत मिलिटरी सेक्रेटरी शाखेकडे 1950 हे जन्मवर्ष होते, तर ॲडज्युटंट जनरल शाखेकडे 1951. एका वर्षाच्या या फरकाचा वाद फेब्रुवारी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तिथे त्यांनी याचिका मागे घेतली आणि त्या वर्षी 31 मे रोजी ते निवृत्त झाले. वर्षानुवर्षे दोन शाखांच्या कपाटांत दोन तारखा शांतपणे नांदतात आणि मग अगदी शिखरावर त्यांची टक्कर होते, हे प्रशासनाला शोभणारे नाही. अधिकारी ब्रिगेडियर होण्यापूर्वीच दोन्ही शाखांच्या नोंदी ताडून, त्याची स्वाक्षरी घेऊन हा विषय कायमचा मिटवावा.

नाव केव्हा जाहीर करावे, याबाबत अलीकडची पद्धत मला पटत नाही. मार्च 2012 च्या सुरुवातीला जनरल बिक्रम सिंग यांचे नाव जाहीर झाले आणि त्यांनी सूत्रे घेतली 31 मे रोजी, म्हणजे त्यांना जवळजवळ तीन महिने मिळाले. त्यानंतर हा अवधी आकसत गेला. जनरल बिपिन रावत यांचे नाव डिसेंबर 2016 मध्ये दोन आठवडे आधी आले, तर जनरल मनोज पांडे यांचे एप्रिल 2022 मध्ये अवघे बारा दिवस आधी. मे 2024 मध्ये पांडे यांना निवृत्तीच्या पाच दिवस आधी एका महिन्याची मुदतवाढ मिळाली आणि त्यानंतर 30 जूनला जनरल उपेंद्र द्विवेदी यांनी सूत्रे घेतली. नाव आधी फुटले की जुन्या प्रमुखाचा शब्द कोणी मानत नाही, दोन सत्ताकेंद्रे निर्माण होतात, असा युक्तिवाद उशिराच्या बाजूने केला जातो. तो अगदीच चुकीचा नाही, पण अनिश्चिततेतही हेच होते, फक्त केंद्रे दोनऐवजी चार होतात. चार इच्छुकांभोवती चार गट जमतात, मुख्यालयातील फायली 'नवीन साहेब आल्यावर बघू' म्हणून थबकतात आणि शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीसारख्या घरटी सैनिक असलेल्या गावात व्हॉट्सॲपवर रोज नवे नाव फिरते. आठ ते दहा आठवडे हा सुयोग्य काळ आहे. त्यात येणाऱ्याला तयारी करता येते आणि जाणाऱ्याचा अधिकारही टिकून राहतो.

मुदतवाढीविषयी एवढेच सांगावे की तिचा परिणाम फक्त पदावरील माणसापुरता कधीच नसतो. सेनाप्रमुख जनरल बेवूर यांना 1974 मध्ये मुदतवाढ मिळाली आणि त्या अवधीत व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी लेफ्टनंट जनरल प्रेम भगत निवृत्त झाले. मुदतवाढीच्या प्रत्येक प्रस्तावासोबत, तिच्यामुळे कोणकोणते अधिकारी शर्यतीतून बाहेर पडतील याची यादी जोडणे बंधनकारक करावे.

दुसरी खुर्ची कधीही रिकामी ठेवू नये

नियोजित बदलाची तयारी बरीचशी होते. संघटनेची खरी परीक्षा अचानक होणाऱ्या बदलात असते. जनरल बी. सी. जोशी यांचे 19 नोव्हेंबर 1994 रोजी पदावर असताना निधन झाले आणि 22 नोव्हेंबरला जनरल शंकर रॉयचौधरी यांनी सूत्रे घेतली. फेब्रुवारी 2014 मध्ये पाणबुडीवरील आगीच्या दुर्घटनेनंतर ॲडमिरल डी. के. जोशी यांनी नौदलप्रमुखपदाचा राजीनामा दिला, तो त्याच दिवशी स्वीकारला गेला आणि उपप्रमुख रॉबिन धोवन यांनी काम पाहिले. त्यांची रीतसर नेमणूक एप्रिलमध्ये झाली. दोन्ही वेळा यंत्रणा थांबली नाही. याउलट 8 डिसेंबर 2021 रोजी कुन्नूरजवळच्या हेलिकॉप्टर अपघातात जनरल रावत यांचा मृत्यू झाल्यावर संरक्षण दलप्रमुखाचे पद 30 सप्टेंबर 2022 पर्यंत, जवळपास दहा महिने रिकामे राहिले. पद नवे होते, 1 जानेवारी 2020 रोजीच सुरू झालेले, आणि त्याला उपप्रमुखासारखा ठरलेला दुसरा माणूस नव्हता. तिन्ही दलांच्या प्रमुखांच्या समितीचे अध्यक्षपद ज्येष्ठतेने जनरल नरवणे यांच्याकडे गेले, परंतु थिएटर कमांडसारखा, म्हणजे तिन्ही दले एका कमांडखाली आणण्यासारखा, एका माणसाने सतत रेटला तरच पुढे सरकणारा विषय अशा व्यवस्थेत रेंगाळणारच.

दुसऱ्या खुर्चीचे महत्त्व अमेरिकेच्या मरीन कोअरमध्ये 2023 साली जसे उघडे पडले तसे अन्यत्र सापडणे कठीण आहे. त्या वर्षी 10 जुलैला कमांडंट, म्हणजे मरीन कोअरचे प्रमुख, निवृत्त झाले, पण एका सिनेटरने लष्करी बढत्यांची मान्यता अडवून धरल्याने त्यांच्या जागी निवडलेले जनरल एरिक स्मिथ यांच्यावर शिक्कामोर्तब झाले नाही. स्मिथ तेव्हा दुसऱ्या क्रमांकाच्या पदावर होते, त्यामुळे त्यांनी दोन्ही पदांचे काम एकट्याने ओढले. सप्टेंबरमध्ये त्यांची नेमणूक मान्य झाली, तरी त्यांची जुनी खुर्ची रिकामीच राहिली. 29 ऑक्टोबरला त्यांचे हृदय अचानक बंद पडले. ते बचावले, परंतु त्या दिवशी मरीन कोअरला ना प्रमुख कामावर होता ना उपप्रमुख, आणि ज्येष्ठतेत पुढच्या लेफ्टनंट जनरलला सूत्रे सांभाळावी लागली. उपप्रमुखाच्या नेमणुकीला सिनेटची मान्यता मिळाली ती त्यानंतर, नोव्हेंबरच्या दुसऱ्या दिवशी.

म्हणून प्रमुखाच्या नेमणुकीचा प्रस्ताव पाठवताना, त्या नेमणुकीने जे पद रिकामे होणार आहे त्याचाही प्रस्ताव त्याच लिफाफ्यात असावा. भारतात 2014 पासूनचे पाचही सेनाप्रमुख, म्हणजे सुहाग, रावत, नरवणे, पांडे आणि द्विवेदी, हे त्याआधी उपप्रमुख होते. ही प्रथा चांगली आहे, कारण येणाऱ्याला मुख्यालयाच्या फायली आधीच ठाऊक असतात. पण तिचा अर्थ असाही होतो की दर वेळी दोन खुर्च्या एकाच दिवशी हलतात. त्याखेरीज प्रमुख आणि उपप्रमुख दोघेही एकाच विमानातून प्रवास करणार नाहीत, दोघेही एकाच वेळी दिल्लीबाहेर असणार नाहीत आणि दोघेही नसतील तर कोणत्या अधिकाऱ्याचा हुकूम चालेल, हे नावानिशी लिहिलेला आदेश दर महिन्याच्या एक तारखेला नव्याने निघावा.

आपल्याकडे नेसरीला जाणारे बहुतेक जण सात वीरांच्या स्मारकापाशी माथा टेकून परततात. तिथे 24 फेब्रुवारी 1674 रोजी सरनोबत प्रतापराव गुजर पडले, तेव्हा राज्याभिषेक साडेतीन महिन्यांवर आला होता. शिवाजी महाराजांनी हंसाजी मोहिते यांना 'हंबीरराव' हा किताब देऊन सेनापती केले आणि 6 जूनला अष्टप्रधानांत सेनापतीची जागा भरलेली होती. सरसेनापती रणात पडल्याचा धक्का सैन्याला बसलाच असणार, पण जागा रिकामी असल्याची शंका शत्रूला फार काळ येऊ दिली गेली नाही.

सुपूर्द टिपण कसे लिहावे

या भागावर सर्वांत अधिक वेळ द्यावा, कारण प्रत्यक्षात सर्वांत कमी वेळ यालाच मिळतो. साधारणपणे प्रत्येक शाखा आपापले टिपण पाठवते, सचिवालय ते एकत्र बांधते आणि येणाऱ्याच्या टेबलावर एक जाडजूड ग्रंथ येतो, ज्यात आपल्या काळात काय काय झाले याचे वर्णन भरपूर आणि काय राहिले याचे वर्णन नाममात्र असते. 'उत्तर सीमेवरील परिस्थिती समाधानकारक असून योग्य ती पावले उचलण्यात येत आहेत' हे वाक्य अशा ग्रंथात हमखास सापडते आणि ते वाचणाऱ्याच्या हाती काहीही लागत नाही.

त्याऐवजी जाणाऱ्या प्रमुखाने स्वतःच्या शब्दांत वीस-पंचवीस पानांचे टिपण लिहावे. नमुन्यादाखल एक कल्पित नोंद अशी असू शकेल : 'अमुक खिंडीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुसऱ्या टप्प्याला अर्थखात्याची संमती बाकी आहे. संरक्षण सचिवांनी पावसाळ्यापूर्वी उत्तर मिळवून देण्याचे तोंडी मान्य केले आहे. याचा कागद नाही. कोअर कमांडरला हा मार्ग नको, पूर्वेकडचा हवा. त्यांचे म्हणणे मला निम्मे पटते. जुलैपर्यंत निर्णय न झाल्यास एक हंगाम वाया जाईल.' या नोंदीत विषय कुठे अडला आहे, कोणी काय शब्द दिला, कोणाचा विरोध आहे, लिहिणाऱ्याचे स्वतःचे मत काय आणि घड्याळ किती उरले आहे, हे सारे सहा वाक्यांत येते. शेवटून दुसरे वाक्य अधिकारी लिहायला बिचकतात. आपले मत डळमळीत आहे हे उत्तराधिकाऱ्याला दाखवणे अनेकांना कमीपणाचे वाटते. खरे तर त्याला सर्वाधिक उपयोग त्याच वाक्याचा असतो.

टिपणात एक स्वतंत्र प्रकरण अमान्य झालेल्या प्रस्तावांचे असावे. वरिष्ठांनी नाकारलेले, मंत्रालयाने बाजूला ठेवलेले, किंवा स्वतः प्रमुखानेच फेटाळलेले इशारे कोणी, कधी, कोणत्या आधारावर दिले होते हे तिथे नोंदवावे आणि मूळ टिपण लिहिणारा अधिकारी अजून सेवेत असल्यास त्याचे सध्याचे ठिकाणही द्यावे. नेफाचे टिपण असे एखाद्या प्रकरणात पहिल्या पानावर असते तर नव्या सेनाप्रमुखाने ते मानले असतेच असे नाही, पण ते वाचून ठरवावे लागले असते.

काही गोष्टी कागदावर येऊ शकत नाहीत आणि येऊही नयेत. अण्वस्त्रविषयक बाबी, गुप्तवार्तेचे स्रोत आणि ज्येष्ठ अधिकाऱ्यांविषयीची स्पष्ट मते या गोष्टी समोरासमोर, तिसरा माणूस खोलीत नसताना बोलाव्यात. अशा किमान तीन बैठका व्हाव्यात आणि त्यांच्यात आठवडाभराचे अंतर असावे. खरे प्रश्न दुसऱ्या बैठकीत सुचतात, कारण पहिल्या बैठकीनंतर येणारा फायली वाचून आलेला असतो. निरोपाचे दौरे, डाइनिंग आउट म्हणजे निरोपाच्या मेजवान्या, फोटो यांत शेवटचे दोन महिने इतके भरून जातात की या बैठका चहाच्या कपाबरोबर उरकल्या जातात. प्रत्येक कमांडला निरोपाची भेट देण्याची प्रथा सैनिकांना आवडते हे मान्य, तरी ती निम्म्यावर आणायला हरकत नसावी.

प्रमुखाच्या सचिवालयातील मिलिटरी असिस्टंट, ओएसडी (विशेष कार्याधिकारी), सल्लागार या सर्वांना एकदम बदलू नये. नव्या प्रमुखाला आपली माणसे आणावीशी वाटणे स्वाभाविक आहे, परंतु जुन्यांपैकी एक जाणता अधिकारी तीन महिने तरी राहावा.

डावललेले आणि काढलेले

ज्येष्ठता ओलांडून नेमणूक करण्याचा अधिकार सरकारला आहे आणि तो वापरलाही गेला आहे. 1983 मध्ये उपप्रमुख एस. के. सिन्हा यांना बाजूला ठेवून अरुणकुमार वैद्य यांना सेनाप्रमुख केले गेले, तेव्हा सिन्हा यांनी राजीनामा दिला. 2016 मध्ये रावत यांच्या नेमणुकीवेळी प्रवीण बक्षी आणि पी. एम. हरीझ हे दोन आर्मी कमांडर ज्येष्ठ होते. त्यांनी सेवा पूर्ण केली. डावलल्या गेलेल्या अधिकाऱ्याला ही बातमी दूरदर्शनवरून कळू नये, एवढी काळजी तरी घेतलीच पाहिजे. संरक्षणमंत्र्यांनी घोषणेपूर्वी स्वतः फोन करावा, नव्या प्रमुखाने चोवीस तासांच्या आत भेटावे आणि त्याच्या हाताखालील फॉर्मेशनबाबतचा कोणताही मोठा निर्णय त्याला विचारल्याशिवाय पहिल्या काही आठवड्यांत घेऊ नये.

प्रमुखाला पदावरून दूर करण्याची वेळ आली तर आदेश आणि नवी नेमणूक एकाच तासात व्हावी. ॲडमिरल विष्णू भागवत यांना 30 डिसेंबर 1998 रोजी काढले त्याच दिवशी सुशील कुमार यांनी नौदलाची सूत्रे घेतली. त्या निर्णयाच्या योग्यतेवर आजही दोन मते आहेत, पण नौदलात आज्ञा कोणाची याबद्दल संभ्रम राहिला नाही. कागल तालुक्यातील सेनापती कापशीच्या घोरपड्यांचा इतिहास याच्या नेमका उलट आहे. छत्रपती राजाराम महाराजांनी संताजींकडून सेनापतिपद काढून धनाजी जाधवांना दिले, तेव्हा फौजेची निष्ठा पदावर नव्हती, व्यक्तींवर होती. मराठ्यांचीच दोन सैन्ये एकमेकांसमोर उभी राहिली आणि 1697 मध्ये संताजींचा अंत झाला. आधुनिक सैन्यात ही वेळ येत नाही, कारण शपथ, वेतन आणि बढती यांपैकी काहीच प्रमुखाच्या मर्जीवर अवलंबून नसते. तो बंध सैल करणारी कोणतीही प्रथा, मग ती एखाद्या रेजिमेंटच्या अभिमानाच्या नावाखाली का असेना, बदलाच्या काळात तरी रोखावी.

पहिले शंभर दिवस

सूत्रे घेण्याचा दिवस साधा असावा. राष्ट्रीय समर स्मारकावर पुष्पचक्र, मानवंदना, कार्यालयात बॅटनचे हस्तांतरण आणि त्यानंतर तासाभरात सर्व आर्मी कमांडरांशी सुरक्षित वाहिनीवरून बोलणे, एवढे पुरे. सैनिकांना उद्देशून निघणारा पहिला आदेश एका पानात बसावा आणि त्यात नवी योजना जाहीर करू नये. सुपूर्द टिपणातील तारखा मात्र त्याच संध्याकाळी नव्या प्रमुखाच्या कॅलेंडरमध्ये चढवल्या जाव्यात.

पहिल्या तीन महिन्यांत चालू युद्धयोजना बदलू नयेत, असा सर्वसाधारण नियम ठेवावा. युद्ध चालू असेल तर हा नियम लागू होत नाही, भेटीगाठींचा क्रम मात्र तेव्हाही तोच राहतो. कोरियाच्या युद्धात डिसेंबर 1950 मध्ये अमेरिकेच्या आठव्या आर्मीचे प्रमुख जनरल वॉकर जीप अपघातात ठार झाल्यावर तिसऱ्या दिवशी जनरल रिजवे माघार घेणाऱ्या आठव्या आर्मीवर दाखल झाले. त्यांनी मुख्यालयात बसून अहवाल मागवले नाहीत, आघाडीवर फिरून कोअर आणि डिव्हिजनच्या कमांडरांना त्यांच्या जागी जाऊन भेटले. जानेवारीच्या सुरुवातीला सोल हातचे गेले, मार्चमध्ये परत मिळाले. शांततेच्या काळात हाच क्रम थोडा संथ ठेवता येतो : आधी सीमेवरील कोअर, मग कमांड मुख्यालये, शेवटी प्रशिक्षण संस्था. प्रत्येक ठिकाणी दरबार, म्हणजे सैनिकांची सभा, घ्यावा, पण त्याआधी कमांडरशी बंद दाराआड तासभर बोलून, सुपूर्द टिपणात त्याच्याविषयी आणि त्याच्या क्षेत्राविषयी जे लिहिले आहे ते स्वतः पडताळावे. जिथे टिपण आणि वस्तुस्थिती जुळत नाही तिथे निवृत्त प्रमुखाला फोन करण्यात संकोच बाळगू नये. त्यांनीही पहिले सहा महिने अशा फोनखेरीज वृत्तपत्रांत वा वाहिन्यांवर सेनेविषयी मत देऊ नये.

शंभराव्या दिवसाच्या आसपास मिलिटरी सेक्रेटरीने नव्या प्रमुखासमोर निवृत्तीच्या तारखांचा तोच तक्ता ठेवावा, या वेळी त्याच्या स्वतःच्या निवृत्तीच्या दिवशी ज्यांची सेवा शिल्लक असेल त्या अधिकाऱ्यांची नावे वेगळी काढून. त्यांपैकी कोणाला अजून फील्ड कमांड मिळालेली नाही, कोणी मुख्यालयात कधी काम केलेले नाही, कोणाचा पूर्वेकडील सीमेशी संबंध आलेला नाही, हे पाहून पुढील दोन वर्षांच्या बदल्या त्याच बैठकीत आखाव्यात.